नऊ प्रश्नांत तिचं नाव नव्हतं

माझी बायको २०२२ च्या आषाढात गेली. कॅन्सर होता. दीड वर्ष उपचार चालले, शेवटचे एकोणीस दिवस इस्पितळात गेले. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहतो. हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवला, आणि तिच्या आजारपणातच साठाव्या वर्षी निवृत्त झालो. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून कुळागर, म्हणजे आमची पोफळींची बाग, नीट करायचं असं ठरलेलं होतं. मुलगी पुण्याला नोकरी करते. शेजारच्या घरात मोठे भाऊ आणि वहिनी.

तिच्या जाण्यानंतर मी दोनदा समुपदेशनाला गेलो. पहिल्या वेळी रागावून मधेच उठलो, दुसऱ्या वेळी टिकलो. मधल्या काळात एका प्रश्नानं मला धरून ठेवलं होतं. बायको गेल्याचं दुःख हा आजार कसा असेल? आणि आजार नसेल तर त्यावर उपचार कसले? हा प्रश्न माझ्यासारखा इतरांनाही पडत असणार, म्हणून जे घडलं ते घडलं तसं लिहितो.

पहिल्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण पहिलं वर्ष मला एकट्याला काढावं लागलं नाही. दहावा, बारावा, तेरावा झाला. मग महिन्याच्या महिन्याला मासिक. त्या वर्षी घरात सण नव्हता. एकादशीला भजनी मंडळी आमच्या ओसरीवर येऊन बसायची, कोणीतरी सकाळची पेज आणून द्यायचं, वाड्यावरच्या बायका वहिनीच्या मदतीला यायच्या. मी रडलो तर कोणाला विशेष वाटत नव्हतं, न रडलो तरी नाही. दुःखाला घरात जागा होती आणि त्याचा एक क्रम लावून दिलेला होता.

जुलै २०२३ मध्ये वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी पायस पाठवलं. भाऊ म्हणाले, “आता वर्ष झालं. आता सगळं सुरू कर.” ते मायेनंच म्हणाले. पण त्या दिवसापासून लोकांचं येणं थांबलं आणि तिच्याबद्दल बोलणंही थांबलं. मी तिचा विषय काढला की समोरचा माणूस क्षणभर गप्प होई आणि पावसापाण्याचं काहीतरी विचारी. माझं खरं एकटेपण तेव्हा सुरू झालं. पहिल्या वर्षापेक्षा दुसरं वर्ष जड जातं, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

मग सप्टेंबरात गणपतीची चवथ आली. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट, बांधायचं काम आमच्याकडे तिचं. म्हणजे शिडीवर मी चढायचो, पण कुठे काय लटकवायचं ते ती खालून सांगायची. आधी नारळ आणि सुपारीचे घोस, मग तवशी, तोरिंग, आंबाडे, आणि रानातून आणलेले कांगले नि घागऱ्या सर्वांत शेवटी, कारण ते नाजूक. त्या दिवशी मी शिडीवर चढलो, हातात कांगल्यांचा घोस होता आणि खालून आवाज आला नाही. मी तसाच उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मुलीनं हात धरून खाली उतरवलं तेव्हा घोस मुठीत चुरगळला होता.

त्या रात्री ती म्हणाली, “बाबा, तू डिप्रेशनमध्ये आहेस.” मी म्हटलं, “तुझी आई गेली आहे.” ती म्हणाली, “माझीही आईच गेली ना.” यावर मला काही बोलता आलं नाही. तिनं पुण्यातल्या एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली. लॅपटॉपवर बोलायचं, आठवड्यातून एकदा, पन्नास मिनिटं.

बोलण्याआधी एक फॉर्म भरून पाठवायचा होता. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत अमुक एक त्रास किती वेळा झाला? अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज? शून्य ते तीन गुण. सत्तावीसपैकी. हा फॉर्म जगभर वापरतात, पी.एच.क्यू.-९ म्हणतात त्याला. कशात रस वाटत नाही का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, आपण कुचकामी आहोत किंवा घरच्यांना कमी पडलो असं वाटतं का, लक्ष लागतं का, हालचाल मंदावली किंवा उगाच अस्वस्थ झाली आहे का. आणि नववा, आपण मेलेलं बरं असं मनात येतं का. आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले, पण असा पेपर मी पहिल्यांदाच सोडवत होतो. नवव्यावर मी ‘काही दिवस’ अशी खूण केली. मला जीव द्यायचा नव्हता. ती गेली तिकडे जावंसं वाटायचं, एवढंच. पण खोटी खूण करणं जमेना. एकूण चौदा झाले.

बाई तिशीच्या असतील, मराठी चांगलं, मला “काका” म्हणायच्या. नववा प्रश्न त्यांनी सर्वांत आधी घेतला आणि सरळ विचारलं, काही मनात योजलं आहे का, घरात कोण असतं, रात्री कोण असतं. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या मदत-फोनचा १४४१६ हा नंबर लिहून घ्यायला लावला. तो सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला आहे, चोवीस तास चालतो आणि पैसे लागत नाहीत. मी तो कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिला, जिथे बायको दुधाचा हिशेब लिहायची. हे त्यांनी फार चांगलं केलं, आणि पुढे मी त्यांच्यावर रागावलो असलो तरी याचं मोल मला तेव्हाही कळत होतं.

तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, “काका, बारा महिन्यांच्या वर झालेत. अजून रोज आठवण, त्यांच्या साड्या कपाटात तशाच. याला आता एक निदान आहे.” आणि इंग्रजीत नाव सांगितलं, प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर, दीर्घ शोकाचा विकार. मी विचारलं, “म्हणजे आजार?” त्या म्हणाल्या, “घाबरू नका, अनेकांना असतो.” पुढच्या आठवड्याचं काम म्हणून कपाटातल्या अर्ध्या साड्या बाहेर काढायला सांगितल्या.

मी लॅपटॉप बंद केला आणि पुन्हा उघडला नाही.

राग कसला आला ते मला नंतर उलगडलं. चौतीस वर्षं जिच्याबरोबर काढली ती माझ्या आजाराचं लक्षण झाली होती. तिची आठवण येणं ही आता मोजायची गोष्ट होती, ताप मोजतात तशी. आणि तिची साडी कपाटात असणं ही वाईट खूण.

इतिहासाच्या मास्तराला सनावळी शोधायची सवय असते. हे निदान कुठून आलं ते मी शोधायला बसलो, मुलीनंही रागावत का होईना मदत केली. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं एक मोठं निदानपुस्तक आहे, डी.एस.एम. त्याच्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत डिप्रेशनचे नियम घालताना एक सूट ठेवली होती. जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल तर त्या दुःखाला डिप्रेशन म्हणायचं नाही. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ही सूट दोन महिन्यांपुरती राहिली. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती काढूनच टाकली. मग मार्च २०२२ मध्ये, म्हणजे माझी बायको गेली त्याच वर्षी, हे दीर्घ शोकाचं नवं निदान त्यात आलं, मोठ्या माणसासाठी मुदत बारा महिने. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तर मुदत सहाच महिने आहे.

बारा महिने वाचून मी थबकलो. आमच्या वर्षश्राद्धाचाही हिशेब तोच. पण वर्षश्राद्धानं वर्ष कशाचं संपतं? सण न करण्याचं, गोड न खाण्याचं. घराला पुन्हा सणाची चूल पेटवायची मोकळीक मिळते. माझं मन त्या तारखेला रिकामं झालं पाहिजे असं भटजींनी कधी सांगितलेलं नाही. गेलेल्यासाठी महालयात दर वर्षी पान मांडतोच आपण, ते जन्मभर.

त्याच वाचनात आर्थर क्लाइनमन सापडले. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. त्यांची पत्नी जोन २०११ मध्ये गेली, अल्झायमर होता, वर्षानुवर्षं त्यांनी तिची काळजी घेतलेली. २०१२ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्या शोकाबद्दल लिहिलं आणि अशा दुःखाला आजाराच्या खात्यात टाकण्याला विरोध केला. एवढा मोठा डॉक्टर, माझ्यासारखाच विधुर, माझ्याच बाजूनं बोलतोय. आणि ज्याच्यापासून हे बोलण्याचे उपचार सुरू झाले त्या फ्रॉइडनंही १९१७ मध्ये लिहून ठेवलं होतं की शोकाला आजार समजून डॉक्टरकडे पाठवायचं आपल्या मनातही येत नाही, तो काळानं ओसरतो. मला फार मोठा आधार वाटला. भेटेल त्याला मी सांगू लागलो, “मी दुःखात आहे, आजारी नाही.”

युक्तिवाद बरोबर होता. आणि त्याच्या आडोशाला मी खंगत चाललो होतो. अडसष्ट किलोंचा एकोणसाठ झालो. पहाटे दोनला जाग यायची ती पुन्हा डोळा लागायचा नाही. भजनाला जाणं बंद. डिसेंबर गेला तरी कुळागरातला पाट साफ केला नाही, म्हणजे पाणी नाही, म्हणजे पोफळी तहानलेल्या. कोणी काही म्हटलं की माझं ठरलेलं उत्तर तयार होतं.

वहिनी शाळा फारशी शिकलेल्या नाहीत. एक दिवस त्या आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या, तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं आणि मला हाक मारली. “भावोजी, हा डबा मी तुळशीच्या लग्नाला भरला होता. बघा. वर माझ्या बोटांचा ठसा अजून तसाच आहे.” खरंच होता. तांदूळ सपाट करताना उठलेली चार बोटं. “तुमचं दुःख कोण काढून घेतंय? पण उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं.” मी गेलो. वहिनींपुढे क्लाइनमन काढायची माझी छाती झाली नाही.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखर आणि थायरॉइडच्या तपासण्या लिहिल्या, आणि म्हणाले, बुधवारी एक समुपदेशक मुलगी येते, तिला भेटा. मी नको म्हणणार होतो, वहिनी हो म्हणाल्या.

खोली लसींच्या फ्रिजशेजारी. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, जुन्या रजिस्टरांचं कपाट. मधूनमधून फ्रिज घरघरायचा. मुलगी आमच्याच तालुक्यातली, अठ्ठावीस-एकोणतीसची, मला “सर” म्हणाली. ती कोकणीत बोलत होती, मी मराठीत उत्तर देत होतो. आमच्याकडे हे असंच असतं. घरात भाकरी मागायची ती कोकणीत, आणि पत्र, भजन, देवाचं, मनातलं जड काही बोलायचं ते मराठीत. तिनं ते ओळखलं. “सर, ज्यात येईल त्यात बोला.”

मग तिनं विचारलं, “बाईंचं नाव काय होतं?”

पुण्याच्या तीन भेटींत हे कोणी विचारलं नव्हतं. ‘मिसेस’ म्हणत, ‘काकू’ म्हणत. मी नाव सांगितलं आणि पुढची चाळीस मिनिटं तिच्याबद्दल बोलत राहिलो. माटोळी, मिरवेली, तिचा राग, तिला आवडणारी फणसाची भाजी. त्या मुलीनं वहीत एक अक्षरही लिहिलं नाही. फॉर्म नाही, निदान नाही. निघताना म्हणाली, “पुढच्या बुधवारी या. तोवर जेवण दोन वेळा, घास मोजू नका, फक्त बसा.”

फॉर्म तिनं दुसऱ्या भेटीत काढला. तेच नऊ प्रश्न. माझा चेहरा बदलला असणार. या वेळी सतरा झाले. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, “मला आजारी ठरवायचंय का तुम्हाला?” तिनं कागद फिरवून माझ्याकडे केला. “सर, परत वाचा. यात बाईंबद्दल एक तरी प्रश्न आहे का?”

मी वाचला. नव्हता. कोणाची आठवण येते का, कोण गेलं, का उदास आहात, काहीच नाही. नऊ प्रश्नांत ‘का’ कुठेच नव्हता. मी चार महिने ज्या कागदावर रागावलो होतो तो कागद माझ्या बायकोबद्दल बोलतच नव्हता. तो झोपेबद्दल बोलत होता, भुकेबद्दल, स्वतःला टोचत राहण्याबद्दल. याला दोन बाजू आहेत, हे मी तिथे बसल्या बसल्या समजलो. ‘का’ न विचारणारा कागद बायको गेलेल्याला आणि कारणाशिवाय खचलेल्याला एकाच मापानं मोजतो. एवढ्यावर कोणी निदान ठोकलं तर साधं दुःख आजाराच्या वहीत चढणारच. पण तोच कागद आठवणीला हातही लावत नाही. आठवणीला आजार म्हणायचं की नाही हे तो कागद वाचणारं माणूस ठरवतं.

ती म्हणाली, “म्हणून मी हा आधी देत नाही. बाई गेल्याचं दुःख तुमच्याकडेच ठेवा. झोप, जेवण आणि तुम्ही स्वतःला जी शिक्षा देताय ती, एवढं माझ्याकडे द्या.”

तिची पद्धत कुठली ते मी विचारलं, मास्तरकी जात नाही. ती म्हणाली, इथलीच. मग मी वाचून काढलं. ‘संगाथ’ ही संस्था गोव्यात १९९६ पासून आहे, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी असं करून पाहिलं की डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी सहा ते आठ भेटींत बोलून गंभीर डिप्रेशन उतरतं का. भर कशावर, तर माणूस जे जे करायचं सोडून बसतो ते त्याला थोडं थोडं परत करायला लावणं. निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के डिप्रेशनच्या मापाखाली आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारावर राहिलेल्यांपैकी ३९ टक्के. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. याच फॉर्मवर चौदाच्या वर गुण असलेल्यांनाच त्यांनी अभ्यासात घेतलं होतं. उदास दिसला की धरला, असं नाही. पुण्याच्या फॉर्मवर माझे चौदा होते, मी त्यात बसलोच नसतो. सतरावर बसलो असतो. मधल्या चार महिन्यांत तिच्या जाण्यात काही फरक पडलेला नव्हता. फरक माझ्यात पडला होता.

मध्यंतरी पेन्शनच्या कामाला पणजीला गेलो. जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, हात पसरलेला, समोर कोसळणारी बाई. शाळेच्या सहलीत मुलांना कितीदा दाखवला असेल. १७५६ साली कांदोळीला जन्मलेला हा पाद्री. सांगतात की लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि गळाठला, तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा बाप खालून कोकणीत पुटपुटला, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी.” आणि पोराची वाचा सुटली. पुढे पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करताना तो म्हणत असे की झोप आणणारी शक्ती माझ्या हातात नाही, ती समोरच्याच्या मनात आहे. त्या दिवशी मला बापाचंच जास्त वाटलं. तुला काहीतरी झालंय असं तो म्हणाला नाही. पोराला ऐकू जाईल अशा घरच्या भाषेत, ऐन वेळी, एवढंच बोलला. फ्रिजशेजारच्या खोलीत माझ्याशी जे चाललं होतं ते मला त्याच जातीचं वाटलं.

तिसऱ्या भेटीत गाठ सुटली. शेवटच्या आठवड्यात बायकोनं मला दोन गोष्टी विचारल्या होत्या. “मला घरी कधी नेतोस?” मी म्हटलं, सोमवारी नेतो. आणि, “पोफळींवर फवारणी झाली?” मी म्हटलं, झाली. मोरचूद आणि चुन्याचं ते पाणी पावसाआधी मारावं लागतं, नाहीतर कोळेरोगानं कोवळी सुपारी गळते. ती नेहमी मे महिन्यापासून माझ्या मागे लागायची. फवारणी झाली नव्हती. सोमवारी एक स्कॅन काढायचं ठरलं म्हणून नेलं नाही, बुधवारी ती गेली. तेराव्यानंतर कुळागरात उतरलो तर पोफळींखाली कुजलेल्या सुपारीचा सडा पडला होता. हे मी दीड वर्षात कोणाला सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही.

ती समुपदेशक मुलगी पटकन “तुमची काही चूक नाही” म्हणाली असती तर मी तिथूनही उठलो असतो. तिनं विचारलं, “सोमवारी नेतो म्हणालात, तेव्हा न्यायचं नव्हतं?”

“न्यायचं होतं. स्कॅन आलं मधे.”

“आणि फवारणी झाली नाही ते ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग सर, एक खोटं होतं आणि एक जमलं नाही. तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरलंत, आणि रात्री दोन वाजता ते पोतं उचलताय.” थोड्या वेळानं म्हणाली, “खोटं का बोललात?”

“तिनं काळजी करू नये म्हणून.”

त्यावर ती काही बोलली नाही. फ्रिज घरघरत होता. मी बराच वेळ रडलो, पण माटोळीच्या शिडीवर आलं तसलं रडू नव्हतं ते.

मग वही सुरू झाली. शाळेची शंभर पानी. वेळ, काय केलं, मन कसं होतं, शून्य ते दहा. पहिला आठवडा दोन आणि तीननंच भरलेला. ‘पेज घेतली, २.’ ‘पेपर वाचला, ३.’ तिनं विचारलं, बाई सकाळी काय करायच्या? मी म्हटलं, पाट बघायला जायच्या. “मग उद्या तुम्ही नुसतं बघून या. साफ करायचा नाही.” मी गेलो. पाट पोफळीच्या झावळ्यांनी आणि पानांनी तुंबलेला, वरच्या बाजूला पाणी अडून हिरवं झालेलं. बघून परत यायचं होतं. मला ते बघवेना. चप्पल काढून उतरलो आणि हातानं पहिली झावळी ओढली. पाणी आधी गढूळ आलं, मग त्याच्यावर सुकी पानं तरंगत आली, आणि पहिल्या पोफळीच्या आळ्यात शिरताना त्याचा बारीक चुळचुळ आवाज झाला. तो आवाज मी विसरून गेलो होतो. त्या दिवशी वहीत सहा लिहिलं. सहा लिहिताना तिच्याशी बेइमानी केल्यासारखं वाटलं, तेही लिहिलं. पुढच्या बुधवारी अर्धा वेळ आम्ही त्या बेइमानीवरच बोललो.

झोप मात्र येईना. चौथ्या भेटीला ती म्हणाली, “हे माझ्या हातचं नाही,” आणि मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. मी सहा महिने गोळ्या घेतल्या. हे लपवावं असं मला वाटत नाही. गोळीनं मला रात्रीचे पाच तास परत दिले. बायकोची आठवण गोळीनं एका कणानं कमी केली नाही, आणि ते गोळीचं काम नाही असं डॉक्टरांनीही सांगितलं. म्हणजे माझ्यात दोन गोष्टी होत्या. एक दुःख, ते निरोगी होतं. आणि त्याच्या ओलाव्यात रुजलेलं दुसरं काहीतरी, ते निरोगी नव्हतं. मी पहिल्याची बाजू लढवताना दुसऱ्याला पोसत होतो. पुण्याच्या बाई दुसरं बघून पहिल्यालाही त्याच नावानं हाक मारत होत्या.

त्या निदानाचे नियम मी पुन्हा वाचले. नुसती रोज आठवण येणं त्यात पुरत नाही, आणखी आठपैकी तीन खुणा लागतात, जगणं अडलेलं असावं लागतं, आणि त्या माणसाच्या समाजात, धर्मात जेवढं दुःख रीतीचं मानतात त्याच्या ते स्पष्ट पलीकडे गेलेलं असावं लागतं. म्हणजे आमच्यात महालय असतो का, चवथीला काय होतं, साड्या किती दिवस ठेवतात, हे विचारणं त्या निदानातच लिहिलेलं आहे. ते विचारलं गेलं नाही. क्लाइनमन ज्याला विरोध करतात ते घडतं, रोज घडतं, आणि त्याला विरोध केलाच पाहिजे असं मी आजही म्हणतो. पण बोलायला बसणं म्हणजे ते नव्हे.

हे सगळं मी पुण्याच्या बाईंना पत्रानं कळवलं. नवव्या प्रश्नाबद्दल आभार मानले, आणि लिहिलं की फॉर्म पाठवण्याआधी गेलेल्या माणसाचं नाव विचारत जा. त्यांचं उत्तर आलं, दोन ओळींचं, बरं वाटलं असं लिहिलेलं आणि शेवटी, “काकूंचं नाव काय होतं?”

सात भेटी झाल्या. शेवटच्या फॉर्मवर सहा गुण आले. उदासवर अजून ‘काही दिवस’ होतं. तिनं विचारलं, याचं काय करायचं? मी म्हटलं, राहू दे. तिनं रजिस्टरात लिहिताना मी वाकून पाहिलं, मास्तरांना ही सवय वाईट. ‘पत्नी निवर्तली. झोप, जेवण ठीक. कुळागरात जातात.’ त्याखाली सही.

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी फवारणी करून घेतली. सुपारी फारशी गळली नाही. चवथीला माटोळी बांधली, खाली वहिनी उभ्या होत्या, त्यांनी कांगले चुकीच्या जागी लावायला सांगितले आणि मी लावले.

साड्या कपाटात आहेत. दोन मुलगी घेऊन गेली, एक वहिनींना दिली. सत्तरीत पावसात कपड्याला बुरशी धरते, म्हणून पावसाळा सरला की उरलेल्या मी अंगणात दोरीवर उन्हात घालतो आणि संध्याकाळी घडी करून परत ठेवतो.